बेसूर थोरली

कोठें हंसावें हें दुसऱ्यानें सांगितलेलें मला मुळींच खपत नाहीं. दूरचित्रवाणीवरील विनोदी मालिकांत मात्र तें काम एक अदृश्य समुदाय इमानेंइतबारें करीत असतो. पात्राच्या तोंडून वाक्य बाहेर पडतें न पडतें तोंच पडद्यामागें खसखस पिकते. गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत माझी तेरा वर्षांची भाची माझ्याकडे राहावयास आली होती. तिच्या आग्रहावरून मी 'व्हिक्टोरियस' ही अमेरिकन मालिका पाहावयास बसलें, आणि पहिल्याच भागांत त्या समुदायाशीं माझें वांकडें आलें.

२०१० ते २०१३ या काळांत निकेलोडियन वाहिनीवर ही मालिका चालली. हॉलीवुड आर्ट्स ही तींतली काल्पनिक शाळा. तेथें गणित-इतिहासापेक्षां नाट्य, गायन आणि नृत्य यांचाच थाट अधिक. नाटकाचे शिक्षक सिकोविट्झ अनवाणी हिंडतात आणि नारळाला नळी लावून भर वर्गांत पीत बसतात. रॉबी नांवाच्या बुजऱ्या मुलाच्या हातांत सदैव एक बाहुला असतो. मालकाला जें बोलण्याचा धीर होत नाहीं, तें तो बाहुला बिनदिक्कत बोलतो. ही कल्पना मला फार आवडली. असा एक बाहुला मलाही हवा होता.

ट्रिना आणि टोरी वेगा या दोघी बहिणी. थोरली ट्रिना या शाळेंत शिकते. शाळेच्या मोठ्या कार्यक्रमांत तिला गावयाचें असतें. आवाज खुलावा म्हणून ती कसल्याशा चिनी वनस्पतीच्या गुळण्या करते आणि ऐन वेळीं तिची जीभ सुजते. तिच्या जागीं धाकट्या टोरीला रंगमंचावर ढकलण्यांत येतें. टोरी गाते, सभागृह दणाणून जातें, आणि मुख्याध्यापक तिला शाळेंत बोलावून घेतात. १९८० सालच्या 'फेम' चित्रपटांत न्यूयॉर्कमधल्या अशाच शाळेंतल्या प्रवेशाच्या चांचण्या दाखविल्या आहेत. तेथें नकार आहे, घाम आहे. येथें तोटी फिरवावी आणि पाणी यावें तसें गाणें येतें. अर्थात् अर्ध्या तासाच्या प्रहसनांत कोणी पलटे घोटीत बसणार नाहीं, हें मलाही समजतें.

माझी तक्रार निराळीच आहे. टोरीच्या नशिबाला सुरुवात झाली ती बहिणीच्या सुजलेल्या जिभेपासून. पण पुढें त्या जिभेची कोणी चौकशी करीत नाहीं. ट्रिना गावयास उभी राहिली कीं पाहणारे तोंडें वांकडीं करतात आणि अदृश्य समुदाय खदखदतो. ती गर्विष्ठ आहे, आपमतलबी आहे, वाढदिवस एक दिवस नव्हे तर आठवडाभर साजरा करते; तिची कींव येऊं नये अशी तजवीज लेखकांनीं चोख ठेवली आहे. तिचें काम करणारी डॅनिएला मोने ही नटी मोठी कसबी. हुकमी बेसूर गाण्यासाठीं सूर कोठें आहे हें नेमकें ठाऊक असावें लागतें.

मला तें न शिकतांच साधत असे. आमच्या गाण्याच्या वर्गांत भूप सुरू झाला तेव्हां त्यांत वर्ज्य असलेला मध्यम माझ्या गळ्यांतून हटकून बाहेर पडे. धाकटी बहीण माझ्यामागून दोन वर्षांनीं वर्गांत आली, खरें म्हणजे मला सोबत म्हणून आली, आणि चार महिन्यांत पुढच्या रांगेंत जाऊन बसली. स्नेहसंमेलनांत ती गायली. मला मागें तंबोरा धरावयास बसविलें होतें. माझ्या चेहऱ्यावर त्या वेळीं काय होतें कोण जाणे, घरीं परततांना आई म्हणाली, "तंबोरा छान लागला होता हो." तो गुरुजींनीं लावला होता.

भाची तिचीच मुलगी. त्या मालिकेंतली कॅट म्हणजे आरियाना ग्रांदे, हें तिनें मला मोठ्या अभिमानानें सांगितलें. दुय्यम भूमिका करणारी ही मुलगी २०१३ सालीं पहिल्या ध्वनिमुद्रिकेसह अमेरिकेच्या विक्रीच्या यादींत अग्रस्थानीं पोंचली आणि मालिकेच्या नायिकेहून जगप्रसिद्ध झाली. तेव्हां पडद्यावर कोण नायिका ठरतें आणि बाहेर कोण, याचा मेळ तेथेंही बसला नाहीं. पण ट्रिनाचा प्रश्न त्यानें सुटत नाहीं. कॅटला गळा होता.

"मावशी, तूं हंसत कां नाहींस?" भाचीनें मध्येंच विचारलें. पडद्यावर ट्रिना डोळे मिटून तार सप्तकाकडे निघाली होती.

"ऐकतें आहें," मीं म्हटलें.

"हिचें?" ती माझ्याकडे पाहतच राहिली. मग उगीच जवळ सरकली आणि यंत्राचा आवाज थोडा वाढविला. आंत स्वयंपाकघरांत तिची आई पोळ्या लाटतांना कांहींसें गुणगुणत होती. तें आतां ऐकूं येईनासें झालें.