सिंगलला देत नाही

सकाळी सहाला लॉजच्या काउंटरवरच्या पोरानं माझं आधारकार्ड उलटंपालटं करून बघितलं, माझ्या खांद्यावरून दारापर्यंत नजर टाकली आणि विचारलं, "आणि बाकीचे?"

बाकीचे कोणी नव्हते. नाशिकहून रात्रभर बसनं आलेली मी एकटी, एक बॅग आणि पायांना आलेली सूज. पोरगा म्हणाला, "मग नाही जमणार काकू. सिंगलला देत नाही आम्ही."

माझं माहेर कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतलं. लग्न 1991 साली झालं, तेव्हापासून नाशिक. आई गेल्यावर भावानं घर विकलं, तो पुण्यात स्थिरावला. असं घरोघरी होतं, त्याचं रडगाणं गायला मी बसलेली नाही. बँकेतून निवृत्त झाले आणि मनात आलं, परगावची माणसं येऊन कोल्हापूर बघतात तसं आपणही एकदा बघावं. कारण खरं सांगायचं तर मी ते बघितलेलंच नव्हतं. न्यू पॅलेस शाळेच्या सहलीत एकदा, टाउन हॉलचं म्युझियम कायम बाहेरून, खासबागेचं कुस्त्यांचं मैदान तर नाहीच. नवरा म्हणाला, "उतरणार कुणाकडे?" राजारामपुरीत चुलतबहीण आहे, पण तिच्याकडे गेलं की कोल्हापूर राहतं बाजूला आणि दिवस जातो तांबड्या-पांढऱ्याच्या दोन वाट्यांत. म्हणून फोनवरून लॉज ठरवला, मोबाइलवरून पाचशे रुपये ॲडव्हान्स पाठवला. किती माणसं, हे त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

पोरानं मालकाला उठवलं. कपाळाला गंध लावत तो आला. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगते.

"ताई, राग मानू नका. एकटं माणूस येतंय, दार लावून घेतंय, आत काय करून घेतंय ते आम्हाला कुठं कळतंय? मग पोलीस, पंचनामा, आठ दिवस धंदा बंद."

"मी जीव द्यायला आलेली दिसते का तुम्हाला?"

"तुम्ही न्हाई हो. पण तसं कुणाच्याच तोंडावर लिहिलेलं नसतंय."

यावर मला उत्तर सुचलं नाही. आजही नाही. कदाचित त्याच्याकडे कधी काही घडलंही असेल. इथवर मी समजून घेतलं असतं. पण तो पुढं म्हणाला, "एक करा, मिस्टरांना फोन लावून द्या. ते हो म्हणाले तर बघतो."

तेहतीस वर्षं मी बँकेत काढली. लोकांच्या घरांची, ट्रॅक्टरची, पोरींच्या शिक्षणाची कर्जं माझ्या सहीनं मंजूर झाली. आणि एका रात्रीच्या खोलीसाठी माझी सही पुरेशी नाही, नवऱ्याचा आवाज पाहिजे. नवरा त्या वेळी घोरत होता. त्यानं हो म्हटलंच असतं, प्रश्न तो नव्हता. मी फोन लावला नाही. तेवढ्यात हातात सॅम्पलची बॅग असलेला एक एमआर आला, रजिस्टरमध्ये सही ठोकून किल्ली घेऊन जिना चढून गेला. एकटाच. मी मालकाकडे बघितलं. "ते रेग्युलर आहेत," तो म्हणाला.

आता जे झालं ते माझ्याच जिभेमुळे. कोल्हापुरात आम्ही बायकापोरी 'मी जातो, मी जेवलो' असं बोलतो. नाशिकला नव्यानं गेले तेव्हा सासूबाईंसमोर "मी भाजी आणतो" म्हणाले आणि सगळं घर हसलं. वर्षभरात जीभ वळवून घेतली. त्या दिवशी काउंटरवर चौतीस वर्षांनी ती मूळ पदावर आली. "मग मी आता कुठं जातो?" असं मी म्हणाले.

पोरगा चमकला. "कोल्हापूरच्याच व्हय तुम्ही?"

मला वाटलं, आता काम झालं. गावची लेक म्हटल्यावर कोण नाही म्हणेल! पण मालकाचा चेहरा आणखीच पडला. आधारवर नाशिकचा पत्ता, बोलणं इथलं, बाई एकटी, आणि उतरते लॉजवर. "मग पावण्यांच्यात जावा की ताई," तो म्हणाला, "गावात घर असताना हितं कशाला?"

गावात घर नाही, हे त्याला सांगायचं माझ्या जिवावर आलं. मी बॅग उचलली.

एकट्या सज्ञान माणसाला खोली देऊ नये असा कोणताही कायदा नाही. ओळखपत्र घ्या, नोंद करा, कॅमेरा लावा, हवे तर जास्त पैसे मागा. पण 'नियम आहे' असं म्हणून जे सांगतात तो नियम नसतो, ती त्यांची सोय असते. हे मी तावातावानं लिहिते आहे खरी, पण आमचा गंगापूर रोडचा वन बीएचके भाड्यानं द्यायचा होता तेव्हा मीच एजंटला बजावलं होतं, "फॅमिलीच बघ. एकट्या मुलीबिली नकोत, नंतर कटकट." तिथं आता एक जोडपं राहतं.

महाद्वार रोडला ओटीचं सामान विकणाऱ्या एका बाईला विचारलं, बॅग ठेवता का? "ठेवा की. हिला काय पाय फुटत्यात?" तिनं फळीखाली जागा केली. ओटी तेवढी घ्यायला लावली. कुठल्या, कशाला, कोणाबरोबर, एक शब्द नाही. अंबाबाईच्या देवळात रांग लांबलचक होती, म्हणून मुखदर्शनच घेतलं. लांबून काळ्या पाषाणाची ती मूर्ती, तिचे ते डोळे. लहानपणापासून ऐकलेली कथा आठवली. भृगूनं विष्णूच्या छातीवर लाथ मारली, विष्णूनं उलट त्याचेच पाय चेपले, म्हणून लक्ष्मी रुसली आणि वैकुंठ सोडून करवीरला आली. तिरुपतीहून नवरात्रात शालू येतो तो याच कथेच्या धाग्यावर. ती विष्णुपत्नी की आदिशक्ती, यावर कोल्हापुरात जुना वाद आहे, त्यात मी पडत नाही. पण कथा धरली तर गावाची मालकीणच रुसून, एकटी, सामानसुमान न घेता आलेली. तिला कुणी मिस्टरांना फोन लावायला सांगितलं नसावं.

त्या दिवशी मला सगळेच एकटे दिसत होते. टाउन हॉलच्या म्युझियममध्ये ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेला ब्राँझचा पोसायडन आहे. ग्रीकांचा समुद्रदेव, वीतभरही उंच नाही, एक हात वर केलेला. दोन हजार वर्षांपूर्वीच्या व्यापारात कुठल्या तरी जहाजातून, मग घाट चढून पंचगंगेच्या काठी पोचला. ज्या गावात समुद्र नाही तिथं समुद्राचा देव. मी त्याच्यापुढं बराच वेळ उभी राहिले. मागून शाळेची एक सहल आली आणि गेली. पोरांना त्याच्यापेक्षा तलवारी आवडल्या.

खासबागेचं दार उघडं होतं. 1902 साली शाहू महाराज विलायतेला गेले तेव्हा त्यांनी रोमचं कलोसियम बघितलं, आणि परत आल्यावर हे मैदान बांधून घेतलं. मधोमध मातीचा हौदा, भोवती चढत जाणारी गोल बैठक. कुठंही बसा, कुस्ती दिसतेच. आमचे वडील एकही मैदान चुकवायचे नाहीत. घरी येऊन कुठला डाव कसा पडला ते उशी घेऊन दाखवायचे. मला कधी नेलं नाही. मीही कधी मागितलं नाही, कारण ते मागायचं असतं हेच माहीत नव्हतं. दगडी पायरीवर बसून मी दोन केळी खाल्ली. खाली दोन पोरं फावड्यानं माती उकरत होती. एकानं वर बघितलं, हात केला, परत कामाला लागला.

शेजारीच केशवराव भोसले नाट्यगृह. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, ते जळालं. 1915 मध्ये पॅलेस थिएटर म्हणून उभं राहिलेलं, आईच्या मांडीवर बसून मी पहिलं नाटक बघितलेलं. बाहेर थांबले, आत डोकावायची हिंमत झाली नाही. घर विकल्यावर रडले नव्हते, इथं मात्र डोळ्याला पदर लावावा लागला, हे कसं ते विचारू नका.

संध्याकाळी मिरजकर तिकटीला दूधकट्ट्यावर. म्हशी रस्त्याच्या कडेला बांधलेल्या, समोर धार काढतात आणि फेसासकट ग्लास हातात. गवळ्यानं विचारलंच, "एकट्याच व्हय मावशी?" मी सावरून बसले. तो म्हणाला, "मग दोन ग्लास प्या. वाटंकरी न्हाई कोण." दोन प्याले. कोमट दूध, वरचा फेस मिशीसारखा ओठाला चिकटतो.

ओटीवाल्या बाईकडून बॅग घेतली. पैसे देऊ केले तर म्हणाली, "नारळ घ्या की येकादा." घेतला. रात्रीची नाशिकची बस पकडली. म्हणजे मुक्कामाला आले आणि मुक्काम न करता परतले, दोन रात्री बसमध्ये. चुलतबहिणीला कळलं तेव्हा ती महिनाभर बोलली नाही.

एकट्यानं जाणार असाल, बाई असा की बाप्या, तर पैसे पाठवण्याआधी फोनवर सरळ सांगा, मी एकटी आहे, खोली देणार की नाही? आणि हो म्हणाले तर ते मेसेजवर लिहून घ्या. मी लिहून घेतलं नव्हतं. माझे पाचशे रुपये अजून परत आलेले नाहीत.