विण्याचा पहारा

पखवाजाच्या डाव्या पुडीला दर वेळी ताजी कणीक लावावी लागते. दारू सोडून नुकत्याच भजनाला येऊ लागलेल्या माणसाला मी ते काम देतो आणि इतरांच्या आधी बोलावून घेतो. कणीक सैल झाली तर वाजवता वाजवता सुटते, घट्ट झाली तर चामड्याला धरत नाही. पुडीच्या मधोमध थापायची, कडा ओल्या बोटाने दाबायच्या आणि थाप मारून ऐकायचं. आवाज चढा आला तर आणखी चिमूटभर लावायची, खोल आणि भरीव आला की थांबायचं. भजन संपलं की खरवडून काढायची, नाहीतर वाळून पुडी खराब होते.

"बुवा, हात कापतोय," एक जण म्हणाला.

"कापू दे. पिठाला कुठं कळतंय?"

हसला. त्या संध्याकाळी पखवाज बरा लागला होता.

भजनाने दारू सुटते असं कोणी छातीठोकपणे सांगू लागलं की मात्र माझं डोकं फिरतं. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने एकाएकी सोडली तर फिट येते, भास होतात, जीवही जाऊ शकतो. आधी डॉक्टर. पुण्यात येरवड्याला 1986 साली डॉ. सुनंदा आणि अनिल अवचटांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं. अवचटांचे गर्दच्या व्यसनावरचे लेख वाचून पु. ल. आणि सुनीताबाई मदतीला पुढे झाले होते. अवचट स्वतः ओरिगामी करत, लाकूड कोरत, बासरी वाजवत. रिकाम्या हाताला काय लागतं हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नसणार.

आमचं काम माणूस केंद्रातून घरी आल्यावरचं. मावळात संध्याकाळ वैऱ्याची असते. जमिनीचा पैसा हातात आलेला, शेती उरलेली नाही. पोरं लोणावळ्याच्या हॉटेलांत नाहीतर पवनेच्या काठच्या तंबूंवर कामाला, तिथे शनिवार-रविवारी पर्यटकांच्या बाटल्या उचलायच्या त्यांनीच. ज्याने सोडली त्याने सातच्या पुढे जायचं कुठे? जुने मित्र तर पारावरच बसलेले. देवळात टाळकऱ्यांच्या रांगेत त्याची एक जागा ठरलेली असली, तर तो आला नाही हे शेजारच्याला लगेच जाणवतं आणि कोणीतरी घरी डोकावून येतं.

हरिनाम सप्ताहात तर याहून मोठी सोय आहे. सातही दिवस वीणा खाली ठेवायची नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात, रात्रंदिवस. पहाऱ्यांची नावं फळ्यावर लिहिलेली. मध्यरात्रीनंतरचा पहारा कोणाला नको असतो, आणि झोप उडालेल्या माणसाला नेमका तोच हवा असतो. वीणा गळ्यात असताना उठून कुठे जाता येत नाही. पुढचा येईपर्यंत उभं राहावंच लागतं. नाम चालू ठेवायचं, पेंग आली तर दोन पावलं टाकायची. इतकंच. पण सकाळी लोक त्याला सांगतात, "पहारा चांगला केलास हो." असं चारचौघांत त्याच्याबद्दल फार दिवसांनी बोललं गेलेलं असतं.

अडचण माळेची आहे. आमच्याच तालुक्यात भंडारा डोंगर, पलीकडे देहू. इथे दारू सोडणं म्हणजे तुळशीची माळ घालणं, आणि माळ जन्माची. पाय घसरला की माणूस माळ काढून ठेवतो आणि तोंड चुकवतो. ज्या घरात त्याला सांभाळून घ्यायचं, तेच दार तो स्वतःवर बंद करतो. 1935 साली अमेरिकेत दोन दारुड्यांनी एकमेकांना धरून सुरू केलेल्या अल्कोहोलिक्स अनॉनिमसमध्ये शपथ फक्त आजच्या दिवसाची असते. वारकऱ्याच्या पोटी जन्मून मी हे म्हणतोय खरा, पण नव्या माणसाला मला तीच बरी वाटते. माळेची घाई करू नये. आधी टाळ.

गेल्या सप्ताहाआधी असाच एक घसरलेला परत आला. त्याला पहारा द्यायचा की नाही यावर मंडळाची बैठक चांगलीच तापली. विण्याचं पावित्र्य राहणार नाही, हे जुन्या मंडळींचं म्हणणं. प्यायलेल्याच्या गळ्यात वीणा द्यायची नाही, यात माझाही वाद नव्हता. पण न पिता आलेल्याला गेल्या महिन्याचा हिशेब विचारायचा नाही, एवढंच मी लावून धरलं. त्याचं नाव फळ्यावर लागलं, रात्री दोन ते चार, माझ्या पाठोपाठ. दोघे टाळकरी अजून माझ्याशी धड बोलत नाहीत.