पाच तासांचा प्रवास

साल १९८९. मी तेव्हा सातवीत शिकत होतो. आम्ही रत्नागिरीजवळच्या एका खेड्यात राहत होतो. अब्बा सौदी अरेबियातील जेद्दा शहरात नोकरीला होते. दोन वर्षांतून एकदा ते घरी येत.

जेद्दा किती दूर आहे, असे मी एकदा भूगोलाच्या सरांना विचारले. सरांनी पृथ्वीचा गोल टेबलावर ठेवला. दोऱ्याचे एक टोक मुंबईवर धरले आणि दोरा ताणून जेद्दापर्यंत नेला. मग तो मोजून ते म्हणाले, "सुमारे साडेतीन हजार किलोमीटर. विमान ताशी आठशे किलोमीटर गेले, तर किती वेळ लागेल?"

मी भागाकार करून म्हणालो, "जवळजवळ साडेचार तास."

"चढण्या-उतरण्याचा वेळही धर. शिवाय हिवाळ्यात जाताना वारा समोरून येतो. म्हणून साडेपाच तास लागतात. येताना तोच वारा मागून ढकलतो, म्हणून वेळ कमी लागतो."

"पण सर, अब्बा सकाळी आठला मुंबईहून निघाले आणि अकराला पोहोचले, असे त्यांनी पत्रात लिहिले होते!"

सर हसले. "जेद्दाचे घड्याळ आपल्या अडीच तास मागे असते. ते पोहोचले, तेव्हा आपल्याकडे दीड वाजला होता."

त्याच हिवाळ्यात दादी फार आजारी पडली. सोमवारी सकाळी चाचांनी अब्बांना तार केली. मी वहीत हिशेब मांडला. विमानाचे पाच तास! अब्बा उद्यापर्यंत नक्की येणार. मंगळवार गेला, बुधवार गेला. दादी दरवाजाकडे पाहत पडून होती. मला अब्बांचा राग येऊ लागला.

शुक्रवारी सकाळी अब्बा एस.टी.तून उतरले. त्यांचे डोळे लाल झाले होते. तार त्यांना मंगळवारी मिळाली. मालकाच्या परवानगीशिवाय देश सोडता येत नव्हता; ती बुधवारी मिळाली. विमानात जागा गुरुवारी मिळाली. विमान पाच तासांच्या आतच मुंबईला आले. पुढे मात्र एस.टी.ने सारी रात्र गेली. मुंबई ते रत्नागिरी अंतर सुमारे साडेतीनशे किलोमीटर, म्हणजे जेद्दाच्या दहावा हिस्सा. पण वेळ दुप्पट लागला! माझ्या हिशेबात यातले काहीच नव्हते.

अब्बा दादीच्या उशाशी बसून रडू लागले. "अम्मा, मला फार उशीर झाला."

दादीने त्यांचा हात धरला. ती तरुणपणी आगबोटीने हजला गेली होती. हळू आवाजात ती म्हणाली, "मला जेद्दाला जायला आठ दिवस लागले होते, बेटा. तू तर चारच दिवसांत आलास."

त्यानंतर दादी आठ दिवस होती. अब्बा तिच्याजवळून हलले नाहीत.

१९९५ नंतर हजच्या आगबोटी बंद झाल्या. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली. आता माझा धाकटा भाऊ जेद्दात असतो आणि रोज फोनवर त्याचा चेहरा दिसतो. तरीही माझी मुलगी विचारते, "चाचा किती तासांत येतील?"

मी सांगतो, "विमान पाच तासांत येते, बेटी. माणसाला थोडा जास्त वेळ लागतो."