रंगाखालची मोटार

जुनी मोटार बाळगणाऱ्या मनुष्यास लोक प्रथम तिच्या रंगाविषयीं विचारतात, आणि तोहि रंगाविषयींच हौसेनें बोलतो. आमच्या घरीं १९६८ सालची फियाट ११०० आहे. कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यांतून १९६४ पासून 'डिलाइट' नांवानें निघालेल्या घराण्यांतली ती. याच घराण्यांतील पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरांत मुंबईच्या रस्त्यांवरून कायमची गेली, तेव्हांपासून आमच्या गाडीकडे पाहून हळहळणारे बरेच वाढले आहेत. हळहळण्यास खर्च नाहीं. दुरुस्तीसाठीं मात्र गाडीखालीं शिरावें लागतें.

आरे कॉलनींत एका स्नेह्यांच्या तबेल्यालगतच्या शेडींत ती चार टेकूंवर चढविली. या गाडीस निराळा सांगाडा नाहीं. तळाचा पत्रा, कडेच्या पोकळ पेट्या आणि वरचें अंग यांच्या जोडणींतच तिचें बळ असतें. तळास गंज लागणें म्हणजे कण्यास रोग होणें. पूर्वीं एका रंगाऱ्यानें मागील पाट्याच्या टोकाशीं पुट्टी भरून वर चकचकीत काळा रंग दिला होता. आमच्या मिस्त्रींनीं (त्यांस सारे उस्ताद म्हणतात) तेथें स्क्रूड्रायव्हर टेकविला, तो मुठीपर्यंत आंत गेला. मातोश्री जवळच खुर्चीवर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "यांत बसून आपण नाशिकला जाऊन आलों?" कोणींच उत्तर दिलें नाहीं.

कुजका पत्रा कापून तितक्याच जाडीचा नवा वेल्ड केला. पाटे उतरवून झिजलेले बुश बदलले, पुढच्या स्प्रिंगा व शॉकअप तपासले. मग ब्रेक उघडले.

चारी चाकांस ड्रम. पेडल दाबलें कीं मास्टर सिलिंडरांतील द्रव नळ्यांवाटे चाकांकडे दाब नेतो आणि लायनर ड्रमवर घासतात. गॅरेजांत त्या द्रवास ब्रेक ऑइल म्हणतात. परंतु साधें तेल त्यांत पडलें तर रबरी सील फुगून निकामी होतात. शिवाय हा द्रव हवेंतील ओल शोषतो. ती सिलिंडर आंतून गंजविते, आणि लांब घाटउतारावर ब्रेक फार तापले म्हणजे तिची वाफ होते. वाफ दबते, म्हणून पेडल तळाला जातें आणि गाडी थांबत नाहीं.

२०२१ च्या केंद्रीय नियमांनीं ५० वर्षांवरील, मूळ स्वरूपांत राखलेल्या मोटारींस विंटेज म्हणून निराळी नोंदणी मिळूं लागली. आमच्या बंधूंस तिचा मोह. म्हणून एकहि जुना भाग टाकूं नये असा त्यांचा आग्रह. उलट, पुढें डिस्क ब्रेक बसवावे हें उस्तादांचें मत. आम्हीं ड्रम ठेवले, पण नळ्या, सील व लायनर सर्व नवे घातले. मोटारीचें मूळ स्वरूप तिच्या रचनेंत असतें. हे भाग तर झिजल्यावर बदलावयाचे म्हणूनच कारखान्यानें घातले होते.

पावसाळा लागल्यावर गोरेगांवच्या बाजूच्या रस्त्यानें ती प्रथम बाहेर काढली. पाण्यांतून गेल्यावर ड्रम भिजतात, ब्रेक कांहीं क्षण धरत नाहींत. तेव्हां चालत्या गाडींत पेडल हलकेंच दाबून ते सुकवावे लागतात. ही रीत उस्तादांनीं बंधूंस दोनदां शिकविली. पुढें वळणावर एक म्हैस आडवी आली. गाडी कोणत्याहि बाजूस न ओढतां सरळ थांबली.

रंग अजून द्यावयाचा आहे. घरांत आतां त्याची कोणास घाई नाहीं.