पान्हा

वार पडली की शरीर दुधाच्या तयारीला लागतं. लेकरू जगलं की गेलं, हे त्याला कुणी कळवत नाही. माझी पहिली मुलगी जन्मतःच गेली आणि तिसऱ्या दिवशी मला पान्हा फुटला. छाती दगडासारखी, पोलकं ओलंचिंब. भेटायला आलेल्या बायका रडल्या, पण या दुधाचं काय करायचं ते कुणीच बोललं नाही.

"सटवाईनं तेवढंच लिहिलं होतं, बाई," सासूबाई म्हणाल्या. आमच्या बीडकडं पाचवीला सटवाई पुजतात, तिच्यापुढं कोरा कागद नि लेखणी ठेवतात. माझ्या मुलीसाठी कागद मांडलाच गेला नव्हता. तरी मला त्या बोलण्याचा राग आला नाही. त्यांचीही दोन लेकरं उसाच्या फडावर गेलेली. दिवाळीच्या सुमारास गाव सोडायचं, कोपीत बाळंत व्हायचं आणि खाडा पडला की पैसे कापतात म्हणून ओल्या अंगानं पुन्हा कोयता धरायचा. त्या बाईला सटवाईशिवाय होतं तरी कोण?

दुसऱ्या खेपेला मला गावातली आशा स्वयंसेविका, आमची आशाताई होती. सासूबाई पहिला चीक पिळून टाकायला निघाल्या, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मावशी, वासराला चीक पाजल्याबिगर तुम्ही गाय पिळता का?" मग तिनं माझ्या पाठीला उशी लावली, लेकीचं पोट माझ्या पोटाला टेकवलं, ती मोठा आ करीपर्यंत थांबली. नुसतं बोंड नाही, भोवतीचा काळा भागही तोंडात गेला पाहिजे, हे बोटानं दाखवलं. बेचाळिसाव्या दिवसापर्यंत ती येत राहिली. पाचवीला सासूबाईंनी न विचारता दोन कागद मांडले.

मुंबईत शीवच्या रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली देशातली पहिली मातृदुग्ध पेढी सुरू केली, हे मला फार उशिरा कळलं. माझं ते दूध कुणाच्या तरी अपुऱ्या दिवसांच्या लेकराला गेलं असतं, या विचारानं आजही जीव तुटतो. पेढी दूर असेल, पण आशाताई गावातच आहे. जिचं लेकरू गेलं तिच्याही दारात तिनं यावं. गार पाण्याची घडी ठेव, घट्ट बांधू नको, फार ठणकलं तर हलकं वाटेल इतकंच दूध काढ, ताप आला तर दवाखाना गाठ, असं सांगावं. आणि लेकीचं नाव काय ठेवणार होतीस, तेही विचारावं.