डोळ्यांत कळस, कागदावर मुक्काम

ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून माउलींच्या पालखीचं प्रस्थान होतं, तेव्हा चालणाऱ्या प्रत्येकाच्या मनात पंढरपूर आधीच उभं असतं. चंद्रभागेचं वाळवंट, नामदेव पायरी, विटेवरचं सावळं रूप, सगळं लख्ख दिसत असतं आणि पाय मात्र अजून इंद्रायणीकाठीच असतात. माणसाची कुठलीही मोठी इच्छा अशीच सुरू होते. आधी मन पोचतं, देह मागून निघतो.

मागून निघालेल्या या देहासाठी वारीनं मुक्काम नेमून दिले आहेत. पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी. ही नावं एका दमात म्हणून पाहा, त्यांनाही टाळ-मृदंगाचा ठेका आहे. ज्या दिवशी दिवेघाट चढायचा, त्या दिवशी तेवढाच चढायचा. नीरास्नानाची काळजी तेव्हा करायची नाही. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी या सोहळ्याला आजचं रूप दिलं. ते शिंद्यांच्या पदरी होते, लष्करी शिस्त अंगात मुरलेली होती. रथापुढे कुठली दिंडी, रथामागे कुठली, विसावा कुठे, तळ कुठे, सगळं ठरलेलं. भक्तीइतकी उत्कट गोष्टसुद्धा पिढ्यान्‌पिढ्या टिकली ती अशा नेमावर.

मानसशास्त्रही फिरून याच वाटेवर येतं. लिएन फाम आणि शेली टेलर यांनी १९९९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. परीक्षेला बसणाऱ्या काही विद्यार्थ्यांना त्यांनी उत्तम गुण मिळाल्याचं चित्र रोज मनात रंगवायला सांगितलं, तर काहींना आपण अभ्यासाला बसलो आहोत, असं चित्र. अभ्यासाचं चित्र पाहणारे जास्त अभ्यास करू लागले आणि त्यांना गुणही चांगले पडले. निकालाच्या चित्रात रमलेल्यांचा अभ्यास मागे राहिला. गॅब्रिएल ओटिंगन यांनी याचं कारण शोधलं. नुसत्या गोड कल्पनेत मनाला पोचल्याचं सुख आधीच मिळून जातं आणि अंगातला जोर ओसरतो. त्या सांगतात, स्वप्न जरूर पाहा, पण वाटेतला अडथळाही त्याच्या शेजारी मांडा. पीटर गोलवित्झर त्यापुढचं पाऊल सांगतात: अमुक घडलं तर मी तमुक करीन, हे आधीच ठरवून ठेवा. ऐन वेळी मनाशी वाद घालायची पाळी येत नाही.

माझ्या मावशीनं निवृत्तीनंतर पायी वारी करायचं मनावर घेतलं, तेव्हा तिनं यातलं काही वाचलेलं नव्हतं. पाडव्याच्या आसपास ओट्याशेजारच्या भिंतीवर एक कागद लागला. डावीकडे मुक्काम, मधे किलोमीटर, आणि उजवीकडे तिच्या बारीक अक्षरात नोंदी. ‘फोड आला तर : सुई-दोरा ओवून पाणी काढणे, दोरा आत ठेवणे, कातडं सोलायचं नाही.’ ‘पावसानं तंबू भिजला तर : कोरडं लुगडं प्लॅस्टिकच्या पिशवीत, उशाला.’ ‘दिवेघाटात दम लागला तर : कडेला थांबणे, लाजायचं नाही.’ नवी चप्पल चैत्रातच आणून ती घरात वापरून मऊ केलेली. पहाटे टेकडीच्या पायथ्यापर्यंत जायची, मग टेकडी, मग टेकडी उतरून पलीकडचं देऊळ. पोळी लाटता लाटता तिची नजर त्या कागदावर जायची आणि ओठ हलायचे, वाल्हे, लोणंद, तरडगाव. तिचं पंढरपूर मला त्या हलणाऱ्या ओठांवर दिसलं. ती वारी तिनं चालून पूर्ण केली.

वारीतली आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. संध्याकाळी तळावर समाज आरतीसाठी दिंड्या जमतात. चोपदार दंड उंचावतो आणि क्षणात टाळ थांबतात. एखाद्या दिंडीची तक्रार असेल, तर तिचे टाळ वाजत राहतात. मग चोपदार तिच्यापाशी जाऊन गाऱ्हाणं ऐकतो. हरवलं-सापडलंही तिथंच पुकारलं जातं. दिवसाचं ओझं दुसऱ्या दिवसावर जात नाही. आपल्या एखाद्या संकल्पासाठी आपण रोज संध्याकाळी दहा मिनिटं असं बसतो का? आज काय राहिलं, काय सापडलं, मनातली कुठली दिंडी अजून टाळ वाजवते आहे?

आणि वेळापूरच्या अलीकडे धावा होतो. इथूनच तुकोबांना कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी श्रद्धा आहे. थकलेले, भेगाळलेल्या टाचांचे वारकरी उतारावरून पळू लागतात. पुढे अजून मुक्काम उरलेले असतात, तरी पळतात. चित्राचं बळ असं आहे. पाय चालत असताना ते डोळ्यांसमोर आलं, की थकल्या देहातून धाव काढतं.

म्हणून स्पर्धा परीक्षा असो, कर्ज फेडणं असो, पन्नाशीत तबला शिकणं असो, कळस मनभरून पाहावा. मग कागद घ्यावा. सकाळी कुठून निघायचं, संध्याकाळी कुठे टेकायचं आणि वाटेत जे आडवं येणार त्याला काय करायचं, ते लिहावं. असं लिहून निघालेल्या माणसाला उत्साहाची वाट पाहत बसावं लागत नाही. चालता चालता तो अंगात येतो.