नाव न सांगता येणारे

आज सौंसरला रात्री उशिरापर्यंत सर्व्हरचं काम. एकाच आयपी पत्त्यावर पांढुर्ण्याच्या एका संत्रा व्यापाऱ्याचं संकेतस्थळ आणि इथल्या एका शाळेचं. ब्राउझर मागणी करताना होस्टचं नाव सांगतो. १९९७च्या एचटीटीपी १.१ पासून ते सक्तीचंच. पण नुसते आकडे टाकून, किंवा भलतंच नाव घेऊन कुणी आलं तर?

अपाचे हा वेब सर्व्हर अशा वेळी सर्वांत आधी वाचलेला व्हर्च्युअल होस्ट, म्हणजे संकेतस्थळाची नोंद, पुढे करतो. फायली नावाच्या क्रमाने वाचल्या जातात, म्हणून डेबियनवर मूळ फाईलच्या नावाआधी तीन शून्यं! हजेरीपटात पहिला म्हणून त्यानेच दार उघडायचं, हे मला कधी पटलं नाही. इथला सर्व्हर एन्जिनएक्सही न सांगितल्यास पहिल्यालाच धरतो, पण तिथे ‘लिसन’च्या ओळीत ‘डिफॉल्ट_सर्व्हर’ लिहिता येतं. तेच एका वेगळ्या ब्लॉकमध्ये लिहिलं, खाली ‘रिटर्न ४४४’. म्हणजे उत्तर न देता जोडणी बंद. असे येणारे बहुतेक बॉटच. त्यांना संत्र्याचे भाव कशाला?

न सांगता धरून चाललेलं आणखी एक: शाळेच्या फॉर्ममध्ये जिल्हा अजून छिंदवाडाच आपोआप निवडलेला होता. पांढुर्णा जिल्हा २०२३मध्ये झाला, सौंसर त्यात गेलं. तेही बदललं.

पुन्हा सर्व्हरकडे. एचटीटीपीएसचं प्रकरण मात्र वेगळं. तिथे ४४४च्या आधीच प्रमाणपत्र दाखवलं जातं, आणि त्यावर व्यापाऱ्याचं डोमेन उघड. एन्जिनएक्स १.१९.४ पासून ‘एसएसएल_रिजेक्ट_हँडशेक’ आहे, प्रमाणपत्र न दाखवताच नकार देणारं. ते चालू केलं, ‘एन्जिनएक्स -टी’ने तपासलं, मगच रीलोड.